शनिवारची धुलाई

१२ जानेवारी, सोमवार

मला रोजनिशी लिहायची सवय नाही आणि वेळही नाही. आज लिहायला बसले त्याचं कारण एवढंच की पाणी खात्याने आमच्या लाँड्रीला नोटीस दिली आहे. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या गटारातून बाहेर पडणारं पाणी तपासणार. ते मापात बसलं नाही तर नळजोड तोडणार. पाण्याशिवाय लाँड्री म्हणजे चार भिंती आणि एक बॉयलर. तक्रार केली ती खाली उताराला असलेल्या रोपवाटिकावाल्याने. आमच्या फेसाने त्याची रोपं जळतात म्हणे.

दुसरं कारण असं की आमच्या घरात कोण कधी काय बोललं याचा पुढे पत्ता लागत नाही. मी बोललेलं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. या वेळी सगळ्यांचं लिहून ठेवणार.

हॉस्पिटलच्या चादरी आणि दोन हॉटेलांचे टेबलक्लॉथ आम्ही धुतो. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन लग्नानंतर या धंद्यात उतरले. आजवर एकाही चादरीला डाग राहिला म्हणून ती परत आलेली नाही. आणि मी पाणी घाण करते, असं कागदावर लिहून आलं आहे! हे वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "बघू या." आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावरही बहुतेक हेच म्हणाले असतील.

पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळतं. आमच्या आवाक्यातलं नाही. इस्त्रीवालीने आजच विचारलं, "बाई, दुसरीकडे काम बघू का? म्हणजे तुमची परवानगी असली तर." मी तिला म्हटलं, हात कामाला लाव. पण जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

वन्सं आल्या होत्या. ह्यांची धाकटी बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. त्यांच्या घरात कुठेही बसायचं तर आधी कुठलंतरी रोप उचलावं लागतं. त्या मला बळंच गावाबाहेरच्या दलदलीवर घेऊन गेल्या. चपला चिखलाने भरल्या.

भाजीबाजाराचा ओढा त्या दलदलीत शिरतो. वरच्या बाजूला पाणी राखाडी, तेलकट, नाक धरावं असं. मधे पुरुषभर उंचीचं पाणकणीस माजलेलं. खालच्या बाजूला तळाचे खडे मोजता यावेत असं पाणी.

"मधे कोण साफ करतं?" मी विचारलं.

"कोणी साफ करत नाही, वहिनी. सगळे जेवतात."

मुळांशी आणि खडीवर बारीक जीव राहतात. आपण जिला घाण म्हणतो ते त्यांचं ताट. पाणकणीस पोकळ देठातून खाली हवा पोचवतं, ते जीव घाण खातात, आणि त्यांनी जे मागे ठेवलं त्यावर पाणकणीस वाढतं. उष्टं म्हणून काही उरतच नाही. लाँड्रीच्या मागच्या अंगणात असाच खडीचा वाफा करू, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "म्हणजे चिखलाने कपडे धुवायचे."

"कपडे तुम्हीच धुवा. पाणी त्याला धुऊ द्या."

घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चला, म्हणजे गवताला नोकरीवर ठेवायचं. इस्त्रीवालीपेक्षा कमी बोलेल."

मला हसू आलं नाही. पण दुसरा मार्गही दिसत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

खोदून झालं. बॉयलरवाल्याने आणि त्याच्या मेहुण्याने खड्डा काढला, खाली प्लास्टिक अंथरलं, वर खडी आणि वाळू. वन्संनी दलदलीतून पाणकणसाचे गड्डे आणून लावले. त्यांच्या अटी लिहून घेतल्या. साबण निम्मा करायचा. मशीनमधलं ब्लीचचं पाणी थेट सोडायचं नाही, ते उघड्या टाकीत उन्हात उभं ठेवायचं, म्हणजे त्याचा जोर जातो. आणि वाफ्यातल्या खडीला कोणी हात लावायचा नाही. ती बुळबुळीत होईल, वास येईल, तरी नाही.

तिन्ही अटी मी अक्षरशः पाळणार आहे. उद्या काही बिघडलं तर माझ्याकडे बोट दाखवायला जागा नको. टाकीच्या तोटीला कुलूप घातलं. चावी माझ्या कमरेला.

७ मार्च, शनिवार

आज पहिल्यांदा पाणी वाफ्यात सोडलं. सगळे बघायला उभे राहिले, जणू काही कारंजंच उडणार होतं. पाणी खडीत गेलं आणि दिसेनासं झालं. एवढंच.

माणसं घरी गेल्यावर शनिवारची धुलाई केली. हे काम मी कधी कोणावर सोपवलेलं नाही. मशीनघराची फरशी, मोरी, आणि मोरीपासून वाफ्यापर्यंतचं गटार. आधी ब्रश, मग ब्लीच, मग पाइपने धार. वन्संचा वाफा कसाही दिसो, त्याच्या तोंडापर्यंत जाणारं माझं गटार आरशासारखं असेल.

१६ मार्च, सोमवार

पानांची टोकं पिवळी पडली आहेत. वन्सं म्हणतात, "नवीन जागा आहे, रुळू द्या." मी म्हटलं, नवीन सून रुळायला वेळ घेते, ठीक आहे, पण गवताने किती घ्यावा? वास येतो आहे तो वेगळाच. हॉस्पिटलच्या सुपरवायझर बाईंनी चादरी मोजून घेताना नाक मुरडलं आणि विचारलं, "कुठे काही मेलंय का?"

शनिवारी गटार दोनदा घासलं होतं. म्हणजे वास गटाराचा नाही, वाफ्याचाच.

२४ मार्च, मंगळवार

सोमवारी बघावं तर पिवळेपणा आणखी चढलेला. शुक्रवारपर्यंत जरा बरं वाटतं, की पुन्हा तेच. रविवारी लाँड्री बंद असते. त्या दिवशी मागच्या कुंपणातून कोण येतं जातं कोणाला ठाऊक? रोपवाटिकावाल्याचं कुंपण आणि आमचं कुंपण एकच आहे. मी आरोप करत नाही. लिहून ठेवते आहे.

वन्संनी आज खडी उकरून हुंगली. गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "वहिनी, वरून काही वेगळं येतंय का?"

"वरून धुण्याचं पाणी येतं. ब्लीचचं पाणी तुम्ही सांगितलं तेवढा वेळ उन्हात राहतं. चावी ही बघा."

"आणखी काही?"

"आणखी काय येणार? गटार तर मी स्वतः स्वच्छ ठेवते."

"हो, ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खडीत डोकं घातलं. हे तेव्हा दारात उभे होते. काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि चहा होईल का विचारलं.

४ एप्रिल, शनिवार

आश्चर्य म्हणजे हा आठवडा बरा गेला. मधून दोन-तीन हिरवे कोंभ फुटले आहेत. ऊन वाढलं त्याचा परिणाम असावा.

दुसरी गोष्ट मात्र डोक्यात जाणारी आहे. ब्लीच पातळ येऊ लागलं आहे. झाकण उघडल्यावर नाकात जायला हवं तसं जातच नाही. पुरवठादार पाणी घालतो आहे. इतक्या वर्षांचा माणूस, आणि ही वेळ निवडली! गटार घासायला दुप्पट ओतावं लागलं.

ह्यांची तपकिरी पँट वाया गेली. मांडीवर पांढरे ठिपके. विचारलं तर म्हणाले, "कुठेतरी घासलं असेल." चुन्याच्या भिंतीला टेकून पेपर वाचत बसतात, दुसरं काय! लाँड्रीवालीच्या नवऱ्याला डागाळलेली पँट शोभते का, एवढा तरी विचार करावा.

१८ एप्रिल, शनिवार

पुरवठादाराला फैलावर घेतलं. त्याने कानाला हात लावला. "मॅडम, सीलबंद कॅन आहे, मी कशाला पाणी घालू?" मी त्याचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याकडून कारखान्यात वापरतात ते जास्त तीव्रतेचं आणलं. ह्यांनी कॅन उचलायला मदत करतो म्हटलं. नको म्हटलं, तुमची पाठ सांभाळा. तो कॅन मशीनघराच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

आजची धुलाई मनासारखी झाली. महिन्याभराचा बुळबुळीतपणा निघाला. वाफ्याच्या तोंडाशी खडीवरही चिकट थर चढला होता. खडीला हात लावायचा नाही हे मला माहीत आहे, मी लावला नाही. गटाराला धार मारताना ती जेवढी पुढे गेली तेवढी गेली.

ह्यांनी संध्याकाळी विचारलं, "किती ओतलंस?"

"लागेल तेवढं."

जेवले नाहीत नीट. पोटाचं काही असेल.

२० एप्रिल, सोमवार

सगळं गेलं.

पाणकणीस सपाट झोपलं आहे. पानं फिकट, ओल्या कागदासारखी. खडीतून काळपट पाणी वर येतं आहे आणि दुर्गंधीने इस्त्रीवालीने तोंडाला पदर बांधला. वाफ्याच्या खालच्या तोटीतून जे पाणी बाहेर येतं ते नोटिशीच्या वेळच्या पाण्यापेक्षा घाण आहे. तपासणीला महिना उरला. हॉस्पिटलच्या बाईंनी स्पष्ट विचारलं, "जूनपासून चादरी कुठे द्यायच्या ते आम्ही आत्ताच ठरवू का?"

वन्सं आल्या. मी त्यांना अंगणात येऊ दिलं नाही. दारातच बोलले. "तुमचं दलदलीचं पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशी ठेवा. अकरा माणसांच्या पोटावर पाय आला आहे. यापुढे इथे येऊ नका."

"मला फक्त एकदा बघू द्या, वहिनी."

"बघून झालंय तुमचं."

त्या गेल्या. ह्यांच्याकडे वळून बघितलं तर हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच काही केलं आहे.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी सरळ रोपवाटिकेत गेले. तो वांग्याची रोपं वेगळी करत बसला होता. नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "रविवारी आमच्या कुंपणापाशी काय करत होता?"

"कोण, मी?"

"आमचा वाफा मेला. कोणीतरी काहीतरी ओतलंय."

तो उठलासुद्धा नाही. "ताई, रोपं जगवून माझं पोट चालतं. मी मारायला येईन होय? तुमचा वाफा लागला तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, आता माझ्याकडे चांगलं पाणी येईल." मग हात झटकून म्हणाला, "रविवारी सकाळी तुमच्याकडून पाणी आलं त्याला दवाखान्यासारखा वास होता. डोळे चुरचुरत होते माझे."

"तो स्वच्छतेचा वास आहे," मी म्हटलं.

तो हसला. कशाला हसला कळलं नाही. माणूस साधा नाही एवढं खरं. पण खोटं बोलत असावा असंही वाटलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटते आहे. याने केलं नसेल तर कोणी केलं?

२३ एप्रिल, गुरुवार

ओल्या चादरींची टोपली उचलताना कंबरेत कळ आली ती तिथेच अडकले. बॉयलरवाला आणि इस्त्रीवालीने धरून घरी आणलं. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आहे. आत्ताच! ही वही छातीवर ठेवून लिहिते आहे, अक्षर वाईट आलं आहे.

ह्यांना म्हटलं, निदान शनिवारचं गटार नीट करा, कॅन कपाटात आहे, चावी घ्या.

चावी लगेच घेतली. एवढ्या तत्परतेने कोणतंही काम केलेलं मी पाहिलं नव्हतं.

२ मे, शनिवार

पडून आहे. छत बघते. नळजोड तोडायला येतील तेव्हा मी उभी असेन की अशीच उताणी, याचा विचार करते. इस्त्रीवाली भेटायला आली. म्हणाली, "बाई, तुम्ही आराम करा. तिकडे सगळं झकास आहे." झकास कसं असेल? आणि मी नसताना झकास आहे हे सांगताना तिला काही वाटलं नाही.

"गटार झालं का?" ह्यांना विचारलं.

"झालं," हे म्हणाले. पेपर उलटा धरला होता.

१२ मे, मंगळवार

आज काठी घेऊन गेले. कोणाला सांगितलं नाही.

आधी वाफा दिसला. झोपलेली पानं कोणीतरी कापून टाकली होती आणि बुडातून नवे कोंभ आले होते, बोटभर जाड, टोकदार, गर्द हिरवे. वास जवळजवळ नाही. मला एकदम बरं वाटलं. मग गटार दिसलं.

तीन आठवडे त्याला कोणी हात लावलेला नव्हता. कडेने तपकिरी थर, मधे हिरवा थर, त्यावर बुळबुळीत चकाकी. मला सरळ खोटं सांगितलं होतं. मी इस्त्रीवालीला ओरडून कॅन आणायला सांगितलं. तिने आणला नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. मग मीच काठी टाकून कपाटाकडे वळले, तर हे समोर.

हे आडवे उभे राहिले. दोन्ही हात पसरून, गाय अडवतात तसे. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा.

"नको," हे म्हणाले.

"बाजूला व्हा. हे असं ठेवून तपासणी करून घेणार?"

"तू आजारी पडलीस म्हणून तो वाफा जगलाय गं."

सगळे ऐकत होते. मशीनं चालू होती तरी प्रत्येक शब्द ऐकू आला.

मी म्हटलं, मी वाफ्यात कधी काही टाकलं नाही. हे म्हणाले, "टाकलं नाहीस. गटार धुतलंस. ते जातं कुठे?"

माझी पदवी रसायनशास्त्राची आहे. ब्लीच जंतू मारतं हे मला कोणी शिकवायला नको. हॉस्पिटलच्या चादरी मी त्याच भरवशावर परत देते. मशीनचं ब्लीच कुलपात ठेवलं, त्याची चावी कमरेला लावून मिरवली, आणि दर शनिवारी त्याहून कडक ब्लीच माझ्या हाताने सोडलं. ते पाणी आहे, ते कुठेतरी जातं, हे मनात आलंच नाही. माझ्या दृष्टीने मी घाण काढत होते. काढलेली घाण आणि ती काढणारं औषध, दोन्ही माझ्या दाराबाहेर गेलं की संपलं.

"आधी का नाही बोललात?" मी ह्यांना विचारलं.

उत्तर ह्यांनी नाही, इस्त्रीवालीने दिलं. "बाई, तुम्हाला स्वच्छतेतलं सांगणार कोण?"

१३ मे, बुधवार

वन्संकडे गेले. कंबर पट्ट्यात बांधून. त्यांनी खुर्चीवरची कुंडी उचलली, मी बसले. काय झालं ते सांगितलं. माफी मागायची असं ठरवून गेले होते, पण ती त्या गोष्टीतच कुठेतरी मागितली गेली, वेगळी मागावी लागली नाही.

त्यांनी ती कुंडी खिडकीत नेऊन ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही गटार स्वच्छ ठेवते म्हणालात, मला वाटलं झाडूने. मी खडी हुंगत बसले. चार पावलं वर जाऊन गटार हुंगलं असतं तर! पण ते इतकं चकचकीत होतं की शंकाच आली नाही."

"आता उशीर झाला का?"

"सांगता येत नाही. मुळं जिवंत आहेत. खडीवरची वस्ती पुन्हा बसायला वेळ लागतो. बाहेरून थोडी आणून सोडता येईल." माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "पण ती चिखलात असते."

१४ मे, गुरुवार

दलदलीतून बादल्या भरून आणल्या. बॉयलरवाल्याने वाहिल्या. वाफ्याच्या तोंडाशी तो चिखल खडीवर लिंपायचा होता. वन्सं करणार होत्या. मी म्हटलं, द्या इकडे. हातमोजे घातले नाहीत. गार होता, मऊ होता, त्यात काहीतरी वळवळत होतं. आयुष्यभर मी ज्यांना मारत आले त्यांना आज दोन्ही हातांनी घरात घेतलं. इस्त्रीवाली खिडकीतून म्हणाली, "बाई, फोटो काढू का?" मी म्हटलं, काढ आणि मग काम सोड.

नंतर हात धुतले. तीनदा. आतल्या नळावर, नुसत्या साबणाने. ब्लीचकडे बघितलं नाही.

पुरवठादाराशी मात्र अजून बोलायचं आहे. मधे ते ब्लीच पातळ केलं नसतं तर वाफा मार्चमध्येच मेला असता, असं वन्सं म्हणाल्या. म्हणजे त्या लबाडाचेच आभार मानायचे! हे ऐकून हे खोकत बाहेर गेले.

२९ मे, शुक्रवार

खात्याची मुलगी आली. वयाने आमच्या वन्संच्या विद्यार्थिनीएवढी. बाटलीत पाणी भरलं, सील केलं. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण दिसण्यावर माझा आता विश्वास नाही. ती गटारापाशी थांबली, आत वाकून बघितलं. माझे कान तापले. कोणी परकं माणूस आपल्या गटारात बघतंय आणि ते असं!

"हे धूत नाही का तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. हा एक शब्द काढायला फार जड गेला.

५ जून, शुक्रवार

निकाल आला. मापात बसलं. काठावर, पण बसलं. नळजोड राहणार. इस्त्रीवालीने बॉयलरवाल्याला मिठीच मारली, मग दोघं लाजले. हॉस्पिटलला कळवलं.

खाली एक ओळ आहे. यापुढे तपासणी न कळवता होईल, आणि पाण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर हवी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उद्या सांगते म्हटलं.

मला माझी खात्री नाही. तीन शनिवार गेले, प्रत्येक शनिवारी दुपारी माझा हात आपोआप ब्रशकडे गेला. एखाद्या दिवशी घरात कटकट झालेली असेल, डोकं तापलेलं असेल, आणि मी कडेकडेनेच जरा घासते म्हणत सुरुवात करीन. इतका आतला विचार लिहायला नको होता, पण ही वही त्यासाठीच आहे.

६ जून, शनिवार

दुपारी माणसं गेल्यावर वन्संना बोलावून मागचा कारभार त्यांच्या नावावर केला. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, "मी सांगितलेलं ऐकणार का?" मी म्हटलं, त्यासाठीच तर लिहून देते आहे. ह्यांना साक्षीला उभं केलं.

वन्संच्या हवाली केलं ते असं:

मागचं अंगण, कुंपणापर्यंत. खडीचा वाफा, पाणकणसासकट. उघडी टाकी आणि तिच्या तोटीची चावी. पाण्याचा पाइप, तोंड सैल झालेलं. कुठलं रसायन कुठे आणि किती वापरायचं हा निर्णय, मशीनघराच्या उंबऱ्यापासून पुढे. तिथे मला अडवण्याचा अधिकार, कोणासमोरही.

गटार, मोरीपासून वाफ्यापर्यंत. त्यात काल वाऱ्याने पडलेली पानं. आहेत तशी.